एप्रनच्या खिशातली बाटली

उलटीचा वास येत नाही असा एक कोपरा अख्ख्या जहाजावर सापडेना. भाचेबुवा सकाळपासून नाकाला रुमाल लावून शोधत होते. शेवटी ते वरच्या डेकवर आले, कठड्याला टेकले आणि रुमाल काढला. समुद्राच्या बाजूने वर आलेलं ऊन थेट डोळ्यांत घुसलं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. आता समोर शहर होतं. मागे टेकड्यांची रांग, पायथ्याशी घरं, आणि सगळ्या खिडक्यांच्या काचा उन्हात लखलखत होत्या. शहर सुरेख होतं, पण त्याचा आज कुणाला काडीचा उपयोग नव्हता. खालच्या मजल्यांवर निम्म्याहून जास्त विद्यार्थी बादल्या कवटाळून पडले होते.

हे जहाज म्हणजे पाण्यावरचं कॉलेज. एका सत्रात मुलं डझनभर देश बघतात. दोन बंदरांच्या मधे वर्ग भरतात, आणि बंदर आलं की जे शिकले ते उतरून डोळ्यांनी पाहतात. उरलेल्या चार खोल्या हौशी पाहुण्यांना मिळतात. त्यातल्या दोन आत्याने घेतल्या होत्या. लोकांची कुलंगडी बाहेर काढायचं खाजगी ऑफिस चालवून चालवून ती कंटाळली होती. आणि त्या ऑफिसात चाळिशी गाठूनही टेबलावरच्या फायली सारख्या करण्यापलीकडे ज्याला काही जमलं नाही, तो भाचा सामान उचलायला सोबत होता. आत्या रात्री फळांशिवाय काही खात नाही, आणि जहाज हलायला लागलं की भाच्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही. म्हणून काल रात्री दोघं बचावले.

“तुमच्या आत्याबाई कुठं आहेत?” मागून कुणीतरी विचारलं.

जहाजाचे मुख्य आचारी होते. सगळं जहाज त्यांना मामा म्हणायचं. खरे मामा मात्र ते एकाच मुलीचे होते. जेवणघरात वाढप करून त्याबदल्यात इथे शिकणारी ती मुलगी. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून मामांनीच तिचं नाव मिरी ठेवलं होतं.

आत्याच्या खोलीत मामा बसले नाहीत. उभ्यानेच बोलले.

“बाई, दुपारच्या लाँचने मिरीला उतरवतायत. पोलिसात देत नाही म्हणाले, तेसुद्धा उपकार केल्यासारखं. नाव काढून घरी पाठवणार. असा शिक्का घेऊन गेली तर तिला पुढे कुठलं कॉलेज दारात उभं करेल? बहिणीला काय तोंड दाखवू मी?”

“झालं काय ते क्रमाने सांगा,” आत्या म्हणाली.

“काल दुपारी मोठ्या पातेल्यात भाज्या उकळून त्यांचा अर्क काढून ठेवला होता. मिरीनेच ढवळला. मग बोटींच्या कवायतीचा भोंगा झाला. भोंगा झाला की शेगड्या बंद करून सगळ्यांनी वर जायचं, जहाज बुडतंय असं समजून. किचनमध्ये चिटपाखरू नव्हतं. परत आलो तर समुद्र फुगायला लागलेला. मग मी तो सगळा अर्क भातात जिरवला. ज्याने भात खाल्ला तो आडवा झाला.”

“आणि बाटली?”

“आज सकाळी प्राचार्यबाईंनी शोधाशोध केली. जेवणघराच्या पॅसेजमध्ये वाढप्यांचे एप्रन टांगलेले असतात. पहिल्याच खुंटीवर मिरीचा. त्याच्या खिशात रिकामी बाटली सापडली. कुणी विषबिष गिळलं तर ओकून काढायला डॉक्टर देतात ना, ते औषध.”

“भलतंच,” भाचेबुवा म्हणाले आणि रुमाल परत नाकाला लावला.

मिरी त्यांना खालच्या पॅसेजमध्ये भेटली. गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. जिच्यावर सगळ्यांना विष घातल्याचा आरोप, तिच्याच हातात फडकं दिलं होतं. तिला तसं करायला सांगताना कुणाला काही वाटलंही नव्हतं. भाच्याला वासापेक्षा ही गोष्ट जास्त घाण वाटली.

“तू भात खाल्ला नाहीस,” आत्या म्हणाली.

“वाढपी शेवटी जेवतात. तोवर लोक ओकायला लागले होते.”

“तू कुणाला धमकी दिली होतीस म्हणे.”

“महाराणीला. माझ्या खोलीत राहते ती. तिने मी वाढलेल्या ताटात सिगरेट विझवली. मी म्हटलं, एक दिवस तुमच्या सगळ्यांची जिरेल. म्हटलं ते म्हटलं.” मिरीने फडकं पिळलं. “जायचं तर जाईन. पण आजच नको होतं हो. आज सरांच्या शहरात उतरायचं होतं.”

“सरांचं शहर?”

“इतिहासाचे सर. तरुणपणी दोन वर्षं राहिलेत ते इथे. आम्हाला गल्ली न् गल्ली सांगितलीय. रोज संध्याकाळी धक्क्यावर बसून सूर्य समुद्रात बुडताना बघायचे. मी त्यांच्या तासासाठी या जहाजावर आले. आज इथल्या ग्रंथालयाचे म्हातारे प्रमुख आम्हाला भेटणार होते. सर त्यांच्याच हाताखाली शिकलेत. प्राचार्यबाईंनी गुपचूप ठरवलं आणि परवा वर्गात जाहीर केलं. सर इतके खूश झाले, की त्यांना बोलताच येईना.”

“मग आता ती भेट?”

“रद्द. जाणार कोण? आणि रात्री जहाज पुढे निघणार.”

आत्याने वाकून बादली उचलली आणि भाच्याच्या हातात दिली. “ही रिकामी करून ये.” भाचेबुवांनी ती कशी रिकामी केली ते त्यांचं त्यांनाच माहीत.

महाराणी पलंगावर पडल्या पडल्या आरशात स्वतःचे डोळे तपासत होती. उशाशी वाळून कडक झालेला टॉवेल, खाली न धुतलेली बादली, आणि या सगळ्यात ती नखं रंगवून बसलेली. भाचेबुवा उंबऱ्यातच थांबले.

“तिनेच केलं,” महाराणी म्हणाली. “आणखी कोण करणार? पहिला नंबर येतो ना तिचा, म्हणून सगळे डोक्यावर घेतात.”

“कवायतीला तू कुठे होतीस?”

“झोपले होते. रोज रोज काय बुडायचं?”

“इतक्यात डॉक्टरांकडे गेली होतीस?”

“काल सकाळी. चक्करच्या गोळ्या आणायला. समुद्र कधी फुगेल, नेम नाही.” तिने नाक मुरडलं. “आणि जेवणाचं तर विचारू नका. सकाळी लाउडस्पीकरवर टोमॅटोचं सूप सांगितलं. रात्री ताटात काय, तर कोरडा भात आणि उकडलेले बटाटे. वर ताटं घसरू नयेत म्हणून टेबलावरची कापडं भिजवून ठेवलेली. ओल्या कापडाचा वास, त्यात ते जेवण. मी औषधाशिवायच ओकले असते.”

“कोण कुठे बसलं होतं, आठवतं?”

“कुणाला आठवणार? जागा ठरलेल्या नसतात. जो तो ताट धरून बसला होता.”

डॉक्टरांची खोली महाराणीच्या खोलीपेक्षा घाण निघाली, आणि ते सोपं नव्हतं. थर्मामीटरच्या ट्रेमध्ये चहाचा कप ठेवला होता. कोपऱ्यात बोळ्यांचा ढीग होता. औषधाचं कपाट सताड उघडं होतं, आणि डॉक्टर खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याचं नख कापत होते.

“कपाटाला कुलूप नसतं?” आत्याने विचारलं.

“किल्ली हरवली. दोन बंदरांपूर्वी.”

“बाटली गेल्याचं कधी कळलं?”

डॉक्टरांनी कात्री खाली ठेवली. मग घसा साफ केला. “काल दुपारी. सकाळी उठलो तेव्हा कपाटात होती.”

“आणि बोललात आज. तेसुद्धा बाटली सापडल्यावर.”

“बाई, नोकरीचा प्रश्न असतो. म्हटलं, असेल कुठेतरी.”

आत्या त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. अन्नात अळी सापडली की ती असंच बघते, हे भाच्याला ठाऊक होतं.

“काल सकाळी इथे कोण कोण आलं होतं?”

“समुद्र ताटासारखा सपाट, तरी चक्करच्या गोळ्या मागायला तिघं आले. ती महाराणी, इतिहासाचे सर, आणि तुमचे हे भाचे.”

“मी आधीच घेऊन ठेवतो,” भाचेबुवा पुटपुटले.

“आणि कवायतीच्या वेळी तुम्ही कुठे होता?”

“इथेच. डॉक्टरला वर जावं लागत नाही.”

डॉक्टरांची खोली आणि किचन एकाच मजल्यावर होती. बाहेर आल्यावर भाचेबुवा म्हणाले, “आत्या, हाच माणूस. एवढा घाणेरडा माणूस काहीही करू शकतो.”

“घाणेरडा आहे,” आत्या म्हणाली. “पण आळशी किती आहे बघ. इतक्यांना ओकायला लावलं, तर इतक्यांना तपासावं लागतं.”

सरांच्या खोलीत गेल्यावर भाच्याला पहिल्यांदा बरं वाटलं. जहाजाच्या या मजल्यावरच्या खिडक्या उघडत नाहीत, तरी हवा कशी छान होती. साबणाचा मंद वास येत होता, चादर पांढरीशुभ्र होती, बादली पलंगाशेजारी कोरडी ठणठणीत. भाचेबुवांनी रुमाल घडी करून खिशात टाकला आणि खुर्चीत ऐसपैस बसले. सकाळपासून ते असे बसलेच नव्हते.

सर पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडले होते. आवाज मात्र वर्गातला, गोड आणि भरदार.

“रात्रभर ओकतोय. इतके देश फिरलो, मला कधी समुद्र लागला नाही. गोळी म्हणून घेतली नाही आयुष्यात. आणि काल हे असं.”

“भरपूर जेवला होता?”

“कुठलं हो. दोन चमचे तोंडात गेले आणि जीभ कडू झाली. वाडगा बाजूला सारला, तो थेट खोलीत आलो. तेवढ्यानेही एवढं झालं. मुलांचं काय झालं असेल?”

“कवायतीत तुमच्याकडे काय काम असतं?”

“आम्हा शिक्षकांना एकेक मजला वाटून दिलाय. जेवणघराचा मजला माझा. मागे कुणी राहिलं नाही ना, ते बघून शेवटी मी वर जातो.”

“मिरीबद्दल काय वाटतं?”

सरांनी सुस्कारा टाकला. “गुणी मुलगी. वाईट वाटतं. पण अशा परिस्थितीतून आलेल्या मुलींच्या मनात काय काय साठलेलं असतं, आपण सांगू शकत नाही.” मग ते खिडकीकडे वळले. “माझं शहर समोर दिसतंय आणि मला उतरता येत नाही. आमचे गुरुजी वाट बघत असतील.”

भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याच्या नाही. दाराबाहेर पडताच तिने विचारलं, “खुर्चीत बरा बसला होतास रे?”

“इथे बसवत तरी होतं,” भाचेबुवा म्हणाले.

“तेच म्हणते मी,” आत्या म्हणाली, आणि प्राचार्यबाईंच्या खोलीकडे निघाली. आत ती बराच वेळ होती. मधून मधून वायरलेसची खरखर ऐकू येत होती.

दुपारी सगळे जेवणघरात जमले. प्राचार्यबाई, डॉक्टर, मामा, मिरी आणि तोंड वाकडं करून आलेली महाराणी. सरांना दोघांनी धरून आणलं होतं. खांद्यावर शाल होती. बाहेर लाँच येऊन जहाजाला लागली होती. मिरीची पिशवी दाराशी भरून ठेवली होती.

“सकाळपासून मी एकच विचारतेय,” आत्याने सुरुवात केली. “एवढ्या पोरांना आडवं करून कुणाला काय मिळालं? मिरीला काही नाही. उलट तिची शहरभेट गेली, तिला ती सगळ्यात जास्त हवी होती. महाराणी स्वतः ओकली, आणि तिचं अंथरूण बघून ते खोटं म्हणायची सोय नाही. डॉक्टरांना नुसतं काम वाढलं. एकच गोष्ट खरोखर घडली. आजची भेट रद्द झाली. म्हणजे ती भेट कुणाला तरी नको होती.”

“पण सगळ्यांना हवी होती,” प्राचार्यबाई म्हणाल्या.

“एक सोडून. ज्याने बाटली उचलली तो काल सकाळी डॉक्टरांकडे गेला होता, कारण दुपारी बाटली जागेवर नव्हती. तिघं गेले होते. माझा भाचा समुद्राच्या नावानेही पिवळा पडतो. महाराणीला समुद्र लागतो. आणि सर मला आज म्हणाले, आयुष्यात कधी गोळी घेतली नाही. मग सपाट समुद्रावर गोळ्या कशाला मागितल्या?”

सर हसले. “दुसऱ्या कुणासाठी मागितल्या असतील.”

“असतील. मग कवायत झाली. मिरी, मामा, किचनमधले झाडून सगळे वर. डॉक्टर सोडले तर या मजल्यावर सगळ्यात शेवटी होतात तुम्ही. तुम्हीच सांगितलंत. समोर मोठ्या पातेल्यात अर्क. सकाळी लाउडस्पीकरवर सूप जाहीर झालेलं, तेव्हा तुम्हाला वाटलं, हेच ते सूप. औषध त्यात गेलं. पण नंतर समुद्र फुगला. मामा, तुम्ही सूप का नाही दिलं?”

“जहाज हलत असलं की माझ्याकडे पातळ काही वाढत नाहीत,” मामा म्हणाले. “कुणाच्या तरी अंगावर सांडेल. वाडगे कपाटातून बाहेरसुद्धा निघत नाहीत. असं झालं की अर्क भातात घालायचा, ही आमची कायमची रीत.”

भाच्याला एकदम समजलं, आणि ते सरांकडे बघतच राहिले.

“सरांनी काल वाडगा बाजूला सारला,” आत्या म्हणाली. “दोन चमचे सूप घेऊन. जे सूप काल कुणालाच मिळालं नाही. सर जेवायला आलेच नव्हते. कशाला येतील? खोलीत पडून होते, मुलांच्या ओकण्याचे आवाज ऐकत. आणि रात्रभर ओकलेल्या माणसाच्या खोलीत, खिडकी उघडत नसताना, माझा भाचा रुमाल काढून बसला. सकाळपासून जहाजावर ज्याला बसायला जागा मिळाली नाही, तो. माझा यापेक्षा भरवशाचा साक्षीदार नाही.”

“आत्या,” भाचेबुवा म्हणाले आणि त्यांनी रुमाल खिशात आणखी खोल कोंबला.

“पण का?” प्राचार्यबाई म्हणाल्या. “त्यांचं स्वतःचं शहर हे. त्यांचे गुरुजी.”

“शहर पूर्वेकडे तोंड करून आहे. आज सकाळी सूर्य समुद्रातून वर आला, ऊन शहराच्या खिडक्यांवर पडलं. मावळतो तो टेकड्यांमागे. धक्क्यावर बसलेल्या माणसाला तो समुद्रात बुडताना कसा दिसेल? दोन संध्याकाळी इथे काढलेला माणूसही असं बोलणार नाही, दोन वर्षं सोडाच. हे शहर त्यांनी पुस्तकातून आणि चित्रांतून पाठ केलंय. वर्गात चाललं. पण ग्रंथालयाच्या प्रमुखांसमोर पाच मिनिटं चाललं नसतं. बाई, वायरलेसवर ते काय म्हणाले?”

प्राचार्यबाई म्हणाल्या, “या नावाचा विद्यार्थी त्यांना आठवत नाही. रजिस्टर बघून पुन्हा सांगितलं. असा कुणी नव्हताच.”

सरांनी शाल काढून खुर्चीवर टाकली. आता त्यांना धरावं लागत नव्हतं.

“नोकरीच्या मुलाखतीत बोललो होतो एकदा,” ते म्हणाले. “एकच वाक्य. मग दरवर्षी मुलं विचारायची. मला काय माहीत, जहाज कधी इथे लागेल. जिवाला धोका नव्हता हो कुणाच्या. एक रात्र पोट बिघडलं, इतकंच.”

“वरच्या खोलीतल्या मुलाला सलाईन लावलंय,” डॉक्टर म्हणाले. कधी नव्हे ते त्यांनी कुणाच्या तरी वतीने तोंड उघडलं.

मिरी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली.

“सर, बाटली माझ्याच खिशात का टाकलीत?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. खरोखर गोंधळलेले दिसले. “तुझा होता का तो? मला माहीत नव्हतं. भोंगा थांबायला आला होता. बाटली हातात घेऊन वर कसा जाणार? पहिली खुंटी होती.”

भाचेबुवांना वाटलं, यापेक्षा त्याने तिचा राग राग करून टाकली असती तर बरं झालं असतं. मिरीचं शिक्षण, मामांची मान, सगळं एका खुंटीवर टांगून हा माणूस वर कवायतीला गेला होता आणि नंतर तिला गुणी मुलगी म्हणत सुस्कारे टाकत होता.

“आधीच्या शहरांचं जे शिकवलंत, ते तरी खरं होतं?” मिरीने विचारलं.

सर खुर्चीवरची शाल उचलून तिची घडी घालू लागले.

“मिरी,” प्राचार्यबाई म्हणाल्या, “मी तुझी माफी मागते. तू इथेच शिकशील. आणि आज तुझ्यावर काही काम नाही. ज्या चारपाच मुलांना बरं आहे त्यांच्याबरोबर लाँचने शहरात जा. प्रमुख वाट बघतायत.” मग त्या आत्याकडे वळल्या. “मला हे सुचायला हवं होतं.”

“तुम्हाला बाटली सापडली आणि तुम्ही विचारायचं थांबवलंत,” आत्या म्हणाली. “पोरगी वाढप करते, मग तीच असणार. सोयीचं होतं.” प्राचार्यबाईंनी मान खाली घातली. त्यांच्याबद्दलही भाच्याला फार काही बरं वाटलं नाही.

सरांना त्याच लाँचने उतरवायचं ठरलं. थोड्या वेळाने सगळे शिडीपाशी जमले. सर सूट घालून आले, भांग पाडलेला, हातात जड बॅग. चेहरा वर्गात शिरतानाचा. शिडीशी मिरी उभी होती. तिच्याकडे न बघताच सरांनी बॅग तिच्यापुढे धरली. या जहाजावर सगळेच तिच्यापुढे काहीतरी धरायचे. ताट, बादली, बॅग.

आणि मिरीचा हात पुढे गेला.

“हात खाली,” मामा म्हणाले.

मिरीने हात मागे घेतला. सर बॅग तशीच धरून उभे होते, कुणीतरी घेईल म्हणून. त्यांना वळसा घालून मिरी शिडी उतरली आणि लाँचमध्ये पुढच्या बाकावर जाऊन बसली, शहराकडे तोंड करून.